साकुची साखर

उदकशांत निर्विघ्न पार पडली, गुरुजी खूश होऊन गेले, आचाऱ्याचा गॅससुद्धा वेळेवर आला. आणि मग चांदवडकरांच्या घरात भांडण पेटलं ते कशावरून, तर साखरेवरून.

पद्मनाभ चांदवडकरांना जाऊन तो चौदावा दिवस. एक्याण्णव वर्षांचा माणूस. आदल्या संध्याकाळी दोनदा कॉफी मागून घेतली, 'दुसरी जास्त झकास झाली' म्हणून सुनेला शाबासकी दिली आणि झोपेतच गेला. 'असं मरण मागून मिळत नाही हो,' असं येणारा-जाणारा सांगत होता आणि त्यांच्या बायकोला, प्रेमाबाईंना, दर वेळी 'हो ना' म्हणावं लागत होतं. दोन आठवडे 'हो ना, हो ना' करून बाई अगदी कातावून गेल्या होत्या. आज गोडाचं जेवण. शेजारपाजारचे कन्नड लोक त्यालाच वैकुंठ समाराधना म्हणतात. बंगलोरातल्या बनशंकरी भागात, घराच्या गच्चीवर शामियाना बांधला होता, केळीची पानं धुऊन उपडी घातली होती आणि खाली स्वयंपाकघरात होळगीचा वास सुटला होता. तुम्ही पुरणपोळी म्हणा हवं तर. पण आचारी म्हैसूरकडचा, तेव्हा होळगीच.

"भार्गवी, वाटी कुठं ठेवलीस गं?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"कुठली, अत्ते?" भार्गवी ही त्यांची एकुलती एक सून. तीही म्हैसूरची, सासूला कन्नडात 'अत्ते' म्हणायची आणि बाकी सगळं मराठीत बोलायची.

"कुठली काय विचारतेस? साखरेची. चांदीची."

भार्गवीने तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "वहिनी, साखरेची वाटी आज नको."

दारात त्रिविक्रमकाका खुर्ची टाकून बसले होते. पद्मनाभरावांचे धाकटे भाऊ, पंच्याऐंशीचे. थोरल्या भावाला जन्मभर 'पद्मण्णा' म्हणत आले. आणि पद्मण्णा गेल्या क्षणापासून घरातलं वडीलपण आता आपल्याकडे आलं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. चौदाव्याचं पान आहे वहिनी. पद्मण्णाच्या कारखान्यातले मोठमोठे लोक येणार, मठातून माणसं येणार. त्यांच्यात तुम्ही वाटी घेऊन हिंडणार आणि लोक खी खी करून हसणार? हा काय चेष्टेचा दिवस आहे? आणि तसंही..." काकांनी वाक्य तिथंच सोडलं.

"तसंही काय, भावजी?"

"काही नाही."

"नाही, आता बोलाच. नवरा गेलेल्या बाईने पंगतीत वाढायचं नाही, असंच ना?"

पुरण वाटणाऱ्या बाईचेसुद्धा हात थांबले.

"मी तसं म्हटलं नाही," काका म्हणाले.

"मग काय म्हटलंत?"

काका उलट रागावले. म्हातारी माणसं असंच करतात. "उपेंद्र!" त्यांनी जिन्याच्या दिशेने हाक मारली. "अरे, तुझ्या आईला समजाव जरा!"

आता ही साखर काय भानगड आहे, हे सांगायलाच हवं. बनशंकरीत ती ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण सगळेच काही बनशंकरीत राहत नाहीत.

प्रेमाबाई लग्न होऊन नाशिकहून बंगलोरला आल्या त्या चौसष्ट साली. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. पद्मनाभराव तेव्हा सरकारी कारखान्यात नवे नवे इंजिनियर होते. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला कारखान्यातली मंडळी सहकुटुंब जेवायला आली, तेव्हा सासूबाईंनी नव्या सुनेच्या हातात चांदीची वाटी दिली आणि सांगितलं, "पोळीवर साखर वाढ." पहिल्याच पानावर एक जाडजूड बाई बसल्या होत्या. प्रेमाने चमचाभर साखर घातली. बाई म्हणाल्या, "साकु." साकु म्हणजे पुरे. पण हे प्रेमाला कोण सांगणार? तिला वाटलं, हे लोक साखरेला लाडाने साकु म्हणत असतील. तिने आणखी एक चमचा घातला. "साकु, साकु!" आणखी दोन. बाई दोन्ही हात हलवून "साकु अम्मा, साकु!" म्हणून ओरडायला लागल्या, तशी प्रेमाने मनात म्हटलं, काय हावरट आहे बाई, आणि वाटीच उपडी केली.

पंगत फुटली. माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो चोवीस वर्षांचा त्रिविक्रम. कुणीतरी प्रेमाला अर्थ सांगितला आणि ती पोर लालबुंद झाली. आता पायाला पाय लावून स्वयंपाकघरात पळायचं आणि उद्याच्या गाडीने नाशिक गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात पंगतीच्या शेवटच्या पानावरून आवाज आला, "अहो प्रेमाबाई, इकडे या. मलाही साकु."

नवरा पान पुढे करून बसला होता. पानावर सारभात. गरम, आंबट, तिखट सारभात. तिने त्यावर साखर घातली. त्याने ती भातात कालवली, भुरका मारला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "फर्स्ट क्लास! इन्नू स्वल्प साकु!" म्हणजे आणखी थोडं पुरे. या वाक्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. पण ते ऐकलं आणि पंगतीतला एकेक जण पान पुढे करून "मलाही साकु" म्हणायला लागला. त्या दिवशी नाशिकची गाडी चुकली ती चुकलीच.

तेव्हापासून घराचा कायदा झाला. या घरात जेवताना जो 'साकु' म्हणेल, त्याच्या पानात प्रेमाबाईंच्या हातची साखर पडणार. मग तो पाहुणा असो, जावई असो, की मधुमेहाचा डॉक्टर असो. पद्मनाभराव तर रोजच म्हणायचे आणि रोज सारभातावर साखर घेऊन 'फर्स्ट क्लास' म्हणायचे. फक्त एका व्यक्तीने तो शब्द जन्मात उच्चारला नाही. प्रेमाबाईंनी. पुढे कन्नड असं शिकल्या की भाजीवालीला कन्नडात गप्प करायच्या. पण पुरे म्हणायची वेळ आली की 'पुरे', 'बास', 'राहू दे', नाहीतर नुसता हात. पद्मनाभराव मुद्दाम त्यांच्या पानात वाढत सुटायचे, भाताचा डोंगर करायचे, पण बाई हटायच्या नाहीत. "एक दिवस म्हणशील बघ," ते म्हणायचे. "वाट बघा," त्या म्हणायच्या. साठ वर्षं हा खेळ चालला.

तर अशी ती साखर. आणि आज काका तीच नको म्हणत होते.

उपेंद्र जिना उतरून आला. साठीचा, दोन आठवडे क्रियाकर्म करून सुकलेला, केस काढलेल्या डोक्यावर टोपी. तो आईकडे बघेचना. "आई, काका म्हणतात तर... आजच्या दिवस राहू दे ना. वाढायला माणसं सांगितली आहेत. तू आपली खुर्चीत बस. लोक भेटायला येतील तुला."

"लोक मला दोन आठवडे भेटतायत. मी कंटाळले लोकांना."

"आजी बरोबर बोलतेय," कोपऱ्यातून देवश्री म्हणाली. उपेंद्र-भार्गवीची मुलगी, महादेवपुऱ्याला नोकरी, मारतहळ्ळीला फ्लॅट, आणि दर रविवारी आजोबांकडे जेवायला हजर. "बाबा, साखर नसेल तर लोक विचारतील. माझ्या ऑफिसातली निम्मी गँग येतेय. ते आजोबांना 'साकु अंकल' म्हणायचे, माहितीये ना?"

"तू मध्ये बोलू नकोस," उपेंद्र म्हणाला.

प्रेमाबाईंना खरा धक्का बसला तो लेकीचा. सुचेता पुण्याहून आली होती. जन्मभर आईची बाजू घेऊन भांडलेली मुलगी. ती पुढे झाली, आईचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "आई, या वेळी दादा बरोबर आहे. तुझे गुडघे बघ. गच्चीपर्यंत चढायचं, मग वाकून वाकून वाढायचं. आणि मध्येच तुला भरून आलं तर? सगळ्यांसमोर कोसळलीस तर?"

"कोसळले तर उचला."

"आई!"

"अगं, तुम्हाला कळत कसं नाही?" प्रेमाबाईंचा आवाज चिरकला. "या माणसाने एक दिवस, एक दिवससुद्धा माझ्या हातची साखर घेतल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, असा नेम केला होता. आज त्यांचं पान आहे. त्यांच्या पंगतीत ती साखर पडली नाही, तर ते उपाशी गेले असं मला वाटत राहील. मरेपर्यंत वाटत राहील."

त्रिविक्रमकाका खिडकीतून बाहेर शेजाऱ्यांच्या नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जे ठरलं ते ठरलं," आणि काठी टेकत वर निघून गेले.

भार्गवी मात्र सासूच्या कानाशी आली. या घरात ती भांडणात कधी पडत नसे आणि म्हणूनच तिला सगळं साधत असे. "अत्ते, वाटी माझ्या कपाटात आहे," ती हळूच म्हणाली. "भरलेली."

* * *

वर गच्चीच्या दाराशी भाऊ-बहीण उभे होते. खालून माणसं चढत होती: कारखान्यातले निवृत्त साहेब, त्यांच्या बायका, महाराष्ट्र मंडळातली मंडळी, देवश्रीची ती गँग. सुचेता प्रत्येकाला नमस्कार करत होती आणि मधल्या मधल्या वेळात भावाशी भांडत होती.

"दादा, खरं सांग. तू काकांना एवढा कधीपासून घाबरायला लागलास?"

"काकांना कोण घाबरतंय?"

"मग?"

उपेंद्रने टोपी काढली, टक्कल पुसलं, परत घातली. "सुची, अण्णा गेल्यापासून मी चौदा दिवस एकदासुद्धा रडलो नाही. कुणीतरी सगळं बघायला हवं होतं ना. आता आई ती वाटी घेऊन आली आणि... माझ्यासमोर उभी राहिली... मी बोंबलून रडेन गं. या सगळ्यांसमोर."

सुचेता त्याच्याकडे वळली. "म्हणजे तू आईला थांबवलंस ते तुला रडू येईल म्हणून?"

"तू का थांबवलंस?"

"गुडघे..." ती म्हणाली, आणि मग खांदे पाडून, "तेच रे. मलाही तेच."

"बरोबर. अण्णांची पोरं शोभतो," उपेंद्र म्हणाला. त्यावर दोघांनाही थोडं हसू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

पण आता बोलून उपयोग नव्हता. पानं मांडली होती. त्रिविक्रमकाका पहिल्या पानावर, थोरल्याच्या मानाने, ताठ बसले होते. त्यांच्या शेजारचं पान रिकाम्या पाटासमोर मांडलं होतं. ते पद्मनाभरावांचं.

वाढप सुरू झालं आणि उपेंद्रच्या लक्षात आलं, की काहीतरी फार चुकतंय. आधी त्याला ते काय हेच कळेना. कोसंबरी छान होती, चित्रान्न छान होतं, वाढपी चटपटीत होते. सार घेऊन, साराला सारु आणि सरांना सार म्हणणारा एक पोरगेलासा वाढपी "सारु, सार? सारु, सार?" करत चालला होता. आणि पंगत मुकी होती.

अगदी मुकी. इथं जेवायला बसलेला प्रत्येक जण या घरात वर्षानुवर्षं जेवलेला. प्रत्येकाला कायदा ठाऊक. आज तो शब्द उच्चारणं बरं दिसणार नाही, असं प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवलेलं. आणि पुरे म्हणायला बंगलोरच्या माणसाला दुसरा शब्द कुठून सुचणार? म्हणून कुणी हात आडवा धरत होतं, कुणी मान हलवत होतं, कुणी नुसते डोळे मोठे करत होतं. वाढप्यांना ते कळत नव्हतं. ते आपले वाढत होते. कारखान्यातले शेषगिरीसाहेब, हृदयावर शस्त्रक्रिया झालेला माणूस, त्यांच्या पानात चौथी होळगी पडली आणि ते केविलवाण्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिले. देवश्रीच्या गँगमधल्या नागपूरच्या मल्हारच्या पानात भाताचा ढीग झाला होता आणि तो पोरगा तोंडावर हात ठेवून बसला होता.

"दादा," सुचेता कानात म्हणाली, "आपल्या घरात अशी पंगत कधी झाली होती का रे?"

उपेंद्रला आठवलं. सत्तर सालापासूनच्या सगळ्या पंगती आठवल्या. नाशिक-चांदवडहून शिकायला आलेले चुलतभाऊ, आतेभाऊ. कुणाला नोकरी लागेपर्यंत, कुणाला खोली मिळेपर्यंत, सगळे याच घरात जेवले. पुढे मुंबई-पुण्याहून संगणकवाली पोरं आली, तीही रविवारी इथंच. आईच्या पोळ्या संपायच्या, तेव्हा अण्णा स्वतः भात टाकायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, 'चांदवडकर, आता पुढे काय?' तर म्हणाले, 'इन्नू स्वल्प साकु.' अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झाली, शुद्धीवर आले, परिचारिकेने पेज भरवली, तर म्हणाले, 'साकु,' आणि साखरेसाठी हात पुढे केला. ती बिचारी गोंधळून डॉक्टरांना बोलवायला पळाली. एवढा मोठा माणूस. एवढं लांबलचक, भरगच्च, हसतं-खेळतं आयुष्य. आणि त्याच्या पंगतीत माणसं मुक्याने जेवतायत.

"मी आईला आणतो," उपेंद्र म्हणाला.

"थांब," सुचेता म्हणाली. "आली."

* * *

भार्गवीने एका हाताला धरलं होतं, देवश्रीने दुसऱ्या. प्रेमाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर श्वास घ्यायला थांबल्या. निळी इरकल नेसल्या होत्या, नवऱ्याने गेल्या दिवाळीत घेतलेली. हातात चांदीची वाटी. सगळी गच्ची त्यांच्याकडे बघायला लागली.

त्यांनी दोघींचे हात सोडवले आणि थेट रिकाम्या पाटासमोरच्या पानापाशी गेल्या. पानावर सारभात वाढलेला होता. त्यावर त्यांनी चमचाभर साखर घातली. "घ्या," त्या म्हणाल्या, अगदी रोजच्यासारख्या. मग वळल्या. समोर त्रिविक्रमकाकांचं पान.

आता काकांची गंमत अशी, की त्या मुक्या पंगतीने सगळ्यांत जास्त जीव गुदमरला होता तो त्यांचाच. बाप लवकर गेलेला. पद्मण्णानेच त्यांना बंगलोरला आणलं, शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न लावून दिलं. पंच्याऐंशी वर्षांत भाऊ नाही असा एकही दिवस त्यांनी बघितला नव्हता. आणि आता हे चौदा दिवस. आज लोक हसले, तर पद्मण्णाचं जाणं म्हणजे काहीच नाही असं होईल, ही त्यांची भीती. ती कुणाला सांगता येत नव्हती, म्हणून ते कायदे सांगत होते. वहिनींना समोर बघून त्यांनी दोन्ही पंजे पानावर आडवे धरले आणि कडाडले:

"वहिनी, साकु!"

म्हणायचं होतं, पुरे झालं हे. पण साठ-सत्तर वर्षं बंगलोरात काढलेला माणूस. राग आला की जीभ कन्नडकडेच वळते.

काकांनी आपण काय बोललो ते स्वतःच ऐकलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

प्रेमाबाई वाकल्या. गुडघा कुरकुरला, पण वाकल्या. "हात काढा, भावजी," त्या म्हणाल्या. "कायदा म्हणजे कायदा."

काकांनी हात काढले. साखर पडली. आणि ते हसले. आधी नुसतं नाकातून, मग पोटातून, मग चौसष्ट सालच्या त्या पोरासारखे खदखदून, आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागले. "पद्मण्णा," ते म्हणत होते, "अरे पद्मण्णा, हरलो बघ मी."

मग काय विचारता! "साकु!" पलीकडून शेषगिरीसाहेब ओरडले, माणूस जणू चार होळग्यांपासून तो शब्द दाबून बसला होता. "साकु, आजी!" मल्हार ओरडला. "साकु!" "इल्ली साकु!" "प्रेमाक्का, इथं, इथं साकु!" ज्यांना खरोखर पुरे झालं होतं ते ओरडले, आणि ज्यांना अजून हवं होतं तेही ओरडले. वाढपी हबकून भांडी घेऊन उभे राहिले. एवढ्या सगळ्यांना एकदम पुरे कसं झालं? प्रेमाबाई पानापानावरून चालल्या. वाटी संपली, भार्गवीने पदराखालून डबा काढून पुन्हा भरली. ती काय एका वाटीवर भागवणारी बाई आहे? पंगतीभर अण्णांच्या गोष्टी सुरू झाल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसात अण्णांनी आपल्याला स्कूटरवरून प्रसूतिगृहात कसं पोचवलं, हे एक बाई सांगत होत्या, आणि "तेच हे बाळ" म्हणून त्यांनी एका पोट सुटलेल्या गृहस्थाला उभं केलं. उपेंद्रसमोर आई आली तेव्हा तो 'साकु' एवढंच म्हणू शकला आणि ठरल्याप्रमाणे बोंबलून रडला. कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जो तो स्वतःचे डोळे पुसण्यात नाहीतर हसण्यात गुंतला होता. मठातल्या वयस्कर स्वामींच्या शिष्याने शेजाऱ्याला विचारून घेतलं, हे काय चाललंय, आणि कळल्यावर गंभीरपणे पान पुढे केलं. "नमगू साकु," म्हणाला. आम्हालाही.

* * *

शेवटची पंगत घरच्यांची. पाहुणे निरोप घेऊन गेले होते. उन्हं उतरली होती आणि गच्चीवर वारा सुटला होता.

"आता तू बस," सुचेताने आईला बसवलं. "आज आम्ही वाढणार."

वाढलं ते असं, की बापाची पोरं कळावीत. उपेंद्रने होळगी घातली, तिच्यावर आणखी एक. सुचेताने तुपाची धार सोडली ती थांबवेचना. भार्गवीने सारभात कालवून डोंगर केला. देवश्रीने त्याच्या शेंड्यावर पापड खोचला.

"पुरे," प्रेमाबाई म्हणाल्या.

"काय? ऐकू नाही आलं," उपेंद्र म्हणाला आणि आणखी भात घातला.

"बास रे, बास!"

"वाऱ्याने आवाज येत नाही, आई." सुचेताने चित्रान्नाची मूद ठेवली.

प्रेमाबाईंनी हात आडवा धरला. हे सगळं त्यांना पाठ होतं. रोजच्या जेवणाचा हा शेवट. फक्त आज वाढणारा तो हात नव्हता. त्यांनी पानाकडे बघितलं. तिळाएवढी जागा उरली नव्हती. समोर लेक, सून, मुलगा, नात. सगळे डोळे सुजलेले आणि सगळे हसत असलेले. खाली अंगणात जाणाऱ्यांच्या गप्पा अजून ऐकू येत होत्या, आणि त्या सगळ्या त्यांच्या माणसाबद्दल होत्या. शेजारी तो रिकामा पाट. त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या,

"बरं. जिंकलात तुम्ही. साकु."

मोठ्याने नाही म्हणाल्या. पण गच्चीवर कुणालाही ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. देवश्रीने तोंडावर हात दाबला. सुचेताच्या हातातली तुपाची वाटी तिरकी झाली, ते तिला कळलंही नाही.

वाढायला पुढे आले ते त्रिविक्रमकाका. चांदीची वाटी कधी उचलली कोण जाणे. काठी बाजूला टाकून, एका हाताने उपेंद्रचा खांदा धरून ते वाकले आणि वहिनींच्या सारभातावर चमचाभर साखर घातली. "इन्नू स्वल्प, वहिनी?"

"वाढा, भावजी."

त्यांनी आणखी वाढली. प्रेमाबाईंनी साखर भातात नीट कालवली, अगदी पद्मनाभराव कालवायचे तशी, आणि पहिला घास तोंडात घातला. साठ वर्षांत त्यांनी तो कधी चाखला नव्हता. जो शब्द म्हटला नाही, त्याची साखर तरी कशी मिळणार?

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं लागतंय गं, आजी?" देवश्रीने विचारलं.

प्रेमाबाईंनी घास गिळला. त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला.

"शी!" त्या म्हणाल्या. "काय घाण लागतं गं हे! आंबट नाही, गोड नाही, कशात काही नाही! आणि हा माणूस साठ वर्षं रोज माझ्यासमोर बसून फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास म्हणत होता?" त्यांनी रिकाम्या पाटाकडे बोट रोखलं. "खोटारडे! अहो, किती खोटारडे हो तुम्ही!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, त्या त्यांनी पुसल्यासुद्धा नाहीत. डाव्या हाताने कुणाला जवळ येऊ दिलं नाही आणि उजव्या हाताने जेवत राहिल्या. एक शीत टाकलं नाही. सगळं संपवलं, आणि पुन्हा पान पुढे केलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "इन्नू स्वल्प साकु."